डोंगराचा पायथा पोखरला जातोय, वरचं रान वाचवायचं आहे: अभयारण्य मागायचं, संवर्धन राखीव की सामूहिक वनहक्क? (त्र्यंबक तालुका)

पाड्यावरून

नमस्कार मंडळी. डोंगर त्र्यंबकेश्वर तालुक्यातला आहे, नाव मुद्दाम देत नाही. माथ्यावर कातळ आणि गवताचा सडा, मधल्या पट्ट्यात हिरडा, जांभूळ, करवंदाचं रान, पूर्वेच्या कड्यावर गिधाडांची घरटी. पायथ्याला दोन पोकलेन लागलेत. मुरूम आणि दगड रात्रीसुद्धा जातो. त्याला लागूनच फार्महाऊस प्लॉटचा बोर्ड उभा राहिलाय, पाच-पाच, दहा-दहा गुंठे. शिवाय दर उन्हाळ्यात वणवा आहेच.

गावात तीन मतं आहेत. एक म्हणतो अभयारण्य मागा. दुसरा म्हणतो अभयारण्य झालं की गुरं बंद, सरपण बंद. तिसरा म्हणतो थेट हरित लवादात जा. ग्रामसभा बसायला तयार आहे. सुरुवात कुठून करायची आणि कोणता कागद कोणाकडे द्यायचा, एवढं जाणकारांनी सांगावं.

नमुना एक-अ

पहिल्यांदा गट नंबर काढा. डोंगर डोळ्याला एक दिसतो, पण कागदावर त्याचे पाच-सहा तुकडे असतात: थोडं राखीव वन, थोडं गायरान, थोडं खाजगी मालकीचं. कुठल्या तुकड्यावर मशीन चाललंय ते ठरल्याशिवाय तक्रार कुठे द्यायची हेच ठरत नाही. बहुतेक अर्ज इथेच मरतात. महसूल म्हणतं वनखात्याकडे जा, वनखातं म्हणतं हद्द आमची नाही.

तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) गट नकाशा, त्या गटांचे सातबारे आणि जुने फेरफार घ्या. त्याबरोबर तीन नोंदवह्या पाहा, ज्या सहसा कोणी मागत नाही. गाव नमुना १-अ म्हणजे वन जमिनींची नोंदवही, १-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी, १-ई म्हणजे अतिक्रमणं. सातबाऱ्यावर काही नसलं तरी १-अ मध्ये गट सापडू शकतो. वनपरिक्षेत्र कार्यालयातून बीटाचा नकाशा आणि कक्ष क्रमांक घ्या. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघा. ऑनलाइन भूनकाशा उपग्रहचित्रावर बसवला तर काही मीटर इकडेतिकडे सरकतो. तक्रारीपुरतं ते चालतं, पण हद्द सिद्ध करायची तर वनखातं आणि भूमी अभिलेख यांची संयुक्त मोजणीच हवी. ती मागणी पहिल्याच अर्जात लिहून टाका.

आता फसवणुकीच्या जागा. 'कलम २० झालेलं नाही, म्हणजे हे जंगलच नाही' असं सांगितलं जातं. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ४ ची अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर नवे हक्क निर्माण होणं कलम ५ ने तिथेच थांबतं, कलम २० ची अंतिम अधिसूचना पुढे कितीही रखडो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाप्रमाणे वन संवर्धन कायद्यासाठी 'वन' या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घ्यायचा असतो, मालकी कोणाचीही असो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यावर वाद झाला, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने तूर्त तीच व्याख्या पाळायला सांगितली.

खाजगी गट असेल तर इतर हक्काच्या रकान्यात 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५(३)' अशी नोंद आहे का बघा. खाजगी वने संपादन अधिनियम १९७५ खाली अशी जमीन ३० ऑगस्ट १९७५ ला शासनाकडे गेली.

प्लॉटच्या धंद्याबद्दल दोनच गोष्टी. मूळ खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी फेरफारात दिसली पाहिजे. आणि कलम ४१ प्रमाणे शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर धारणा लागते, म्हणजे साधारण एकर. पाच गुंठ्यांवर 'फार्महाऊस' कुठून आणणार? तलाठ्याकडे न जाता थेट दुय्यम निबंधकाकडून त्या गटाच्या खरेदीखतांची सूची काढा.

गायरान निघालं तर काम सोपं. १२ जुलै २०११ चा शासन निर्णय गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंधन घालतो आणि अतिक्रमण काढायला महसूल संहितेचं कलम ५० आहे. पंचायतीने ठराव करून तहसीलदाराकडे द्यावा.

ब्रासचा हिशेब

वरच्या उत्तराला जोडून खाणीपुरतं लिहितो, कारण रान वाचवायची चर्चा सहा महिने चालते आणि तेवढ्यात डोंगराचा कोपरा नाहीसा होतो.

राष्ट्रीय हरित लवाद कायद्याचं कलम १४ वाचा. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज, फार तर आणखी ६० दिवस. खोदाई पहिल्यांदा कधी सुरू झाली ती तारीख कागदावर पकडून ठेवा. पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर मुदत आणखी कमी, ३० दिवस अधिक ६०. नुकसान भरून काढण्याची मागणी कलम १५ खाली, तिथे पाच वर्षं आहेत. नाशिकसाठी पुण्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये.

एक चूक फार होते. लवादाकडे पाण्याचा, हवेचा, पर्यावरण संरक्षणाचा, वन संवर्धनाचा, जैवविविधतेचा कायदा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि वन अधिनियम १९२७ येत नाहीत. गिधाडांवरच सगळा अर्ज बेतला तर तो दारातून परत येईल. पर्यावरण मंजुरी आणि वनेतर वापर हे मुद्दे पुढे ठेवा, गिधाडं पुराव्यात येऊ द्यात.

मंजुरीबद्दल: 'आमची खाण ५ हेक्टरच्या आतली आहे, मंजुरी लागत नाही' हे २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर चालत नाही. शिवाय तुमचं गाव पश्चिम घाट पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यातल्या यादीत आहे का पाहा. मसुदा म्हणून लोक हसण्यावारी नेतात, पण पर्यावरण मंत्रालयाने १३ नोव्हेंबर २०१३ ला पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ खाली जे निर्देश काढले, त्यांनी अशा क्षेत्रात नव्या खाणींच्या मंजुऱ्या तेव्हाच रोखल्या. तक्रारीत या निर्देशांचा तारखेसह उल्लेख करा.

पुरावा असा गोळा करा. अक्षांश-रेखांश आणि वेळ छापणाऱ्या कॅमेरा ॲपने, ठरलेल्या चार जागांवरून, दर आठवड्याला फोटो. कोन बदलला की तुलना संपली. फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवलात तर आतली माहिती पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ उपकरणाशी बांधलेलं असतं. सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, १० मीटर तपशिलाची. एक हेक्टर खड्डा म्हणजे शंभर ठिपके, नीट दिसतो. मात्र गेल्या जानेवारीची तुलना यंदाच्या जानेवारीशीच करा. ऑक्टोबरचं हिरवं गवत आणि मार्चचं पिवळं गवत शेजारी ठेवून 'जंगल गेलं' म्हणाल तर समोरचा वकील तिथेच पकडेल.

खड्ड्याचं माप: ४० मीटर लांब, ३० रुंद, ४ खोल म्हणजे ४,८०० घनमीटर. एक ब्रास १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. भागाकार करा, जवळपास १,७०० ब्रास. परवाना किती ब्रासचा आणि स्वामित्वधन किती ब्रासचं भरलं, हे जिल्हा खनिकर्म कार्यालयातून मागवा. पण जागेवरचा दगड आणि ट्रकमधला फुगलेला दगड यांचा हिशेब एकत्र करू नका, तो फरक नेहमी खाणवाल्याच्या कामी येतो. इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने शासकीय मोजणी मागा. जादा निघालं तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि ४८(८) खाली वाहनं, यंत्रं जप्त होतात.

गट वनाचा निघाला तर महसुलात घुटमळू नका. वनरक्षकाकडे लेखी द्या आणि प्राथमिक गुन्हा रिपोर्ट, म्हणजे पीओआर, फाडली का ते विचारा. पीओआरचा क्रमांक मिळेपर्यंत 'कारवाई चालू आहे' याला काही अर्थ नसतो. रात्रीच्या वाहतुकीसाठी वनखात्याचा १९२६ क्रमांक आहे. मशीनसमोर जाऊन उभं राहू नका, चालकाशी हुज्जत घालू नका. उलटा गुन्हा तुमच्यावर लागतो आणि मग गाव फुटतं.

माहिती अधिकारात 'का' विचारू नका, प्रती मागा. राज्याच्या नियमाप्रमाणे १५० शब्द, एका अर्जात एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत काही नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. अर्जात स्थळपाहणीही मागता येते, ती मागाच.

सड्यावरचा कंदील

कायद्याचं वर आलंय. मी डोंगराबद्दल लिहिते, कारण जंगल वाचवायला निघालेले लोकच पुष्कळदा सडा संपवतात.

माथ्यावरचं गवत 'ओसाड' समजून तिथे खड्डे घेऊ नका. अंजनेरीचं उदाहरण जवळचंच आहे. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प २००६ मध्ये तिथूनच शास्त्राला नव्याने कळलं. कंदीलपुष्पांचे कंद पातळ मातीत, गवताच्या मुळांत बसलेले असतात. पावसाळ्याचे काही आठवडे वर येतात, बाकी वर्षभर जमिनीखाली. जानेवारीत पाहणी करून 'इथे काही नाही' म्हणत सलग समतल चर खणले की वस्तीच उखडली जाते. सड्याची वनस्पतीयादी जुलै ते सप्टेंबर अशी निदान तीन फेऱ्यांत करा. झाडं लावायचीच असतील तर पायथ्याच्या उघड्या पडलेल्या मुरमाच्या जागेत लावा, हिरडा, जांभूळ, उंबर, ऐन, करवंद अशी. ग्लिरिसिडिया आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नकोत.

गिधाडं बहुधा लांब चोचीची असतील. त्यांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे नेमका खाणीचा हंगाम. घरट्यांची मोजणी समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने करा, कड्याच्या टोकाशी जाऊन वाकू नका आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका. प्रत्येक कपारीला क्रमांक देऊन फोटोवर खूण करा. विष्ठेचे पांढरे ओघळ जुन्या घरट्यालाही असतात, त्यामुळे पक्षी बसलेला दिसला तरच 'चालू' लिहा. सुरुंगाच्या वेळा आणि पक्षी उडून गेल्याच्या वेळा एकाच वहीत नोंदवा. वन्यजीव कायद्याच्या कलम २(१६) मधल्या 'शिकार' या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणंही येतं. त्या वहीवर वनखात्याकडे वेगळी तक्रार उभी राहते. ही लवादात नाही, वर म्हटल्याप्रमाणे.

वणव्याचं थोडं सविस्तर. आपल्याकडे आग लावली जाते ती तीन कारणांनी: नवं गवत लुसलुशीत यावं म्हणून, राब (भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजणं) भाजताना सुटून, आणि माथ्यावर मुक्कामाला आलेल्यांच्या शेकोटीतून. तिन्हींचा उपाय वेगळा. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, त्याआधी तयार पाहिजे. गवत पिवळं पडल्यावर डिसेंबरात पट्ट्याच्या दोन कडा कापून घ्यायच्या, मधलं गवत जानेवारीत वारा नसताना, पहाटेच्या दवात जाळायचं. सहा मीटरपेक्षा अरुंद पट्टा उभ्या उतारावर टिकत नाही, ठिणगी ओलांडते. राखीव वनात आग लावणं वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, म्हणून जाळरेषा वनरक्षकाच्या हजेरीतच. गावाने फक्त माणसं द्यायची.

चूक होते ती अशी की पट्टा पायवाटेवरच पूर्ण करतात आणि मध्ये ओढ्याची घळ मोकळी सोडतात. आग घळीतून धुराड्यासारखी वर चढते. आग खालून येत असताना वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, बाजूने झोडपत यायचं. अंगात सुती कपडे, नायलॉन नको. हिरव्या डहाळ्या, दाताळं, पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप आणि जमलं तर पाला उडवायचा ब्लोअर, एवढं पुरतं.

राब बंद करा असं सांगायला जाऊ नका. भात-नागलीच्या तरव्याचा तो आधार आहे आणि ऐकणारही कोणी नाही. त्यापेक्षा पाड्याने वार ठरवून घ्यावा: रानाच्या कडेचे राब एकाच दिवशी, सकाळी, भोवती तीन मीटर साफ करून, दोन माणसं पाण्यासह उभी असताना भाजायचे.

ग्रामसभा आधी

मूळ प्रश्न राहिलाच की. अभयारण्य मागू नका. ती प्रक्रिया हक्कांच्या चौकशीत अडकते आणि गावाचा विरोध रास्त असतो. उरतात दोन.

संवर्धन राखीव, वन्यजीव कायदा कलम ३६-अ. फक्त शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून. नाशिक जिल्ह्यात बोरगड २००८ पासून आहे, अंजनेरी आणि येवल्याकडचं ममदापूर नंतर झालं. गुरं आणि सरपण आपोआप बंद होत नाहीत. अभयारण्याभोवतीचा संवेदनशील पट्टाही याला लागत नाही, हे गावात स्पष्ट सांगा. कलम ३६-ब ची व्यवस्थापन समिती असते: प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धनाचा एकेक, सदस्य सचिव वनखात्याचा.

पण समिती सल्ला देते, मुख्य वन्यजीव रक्षकावर तो बंधनकारक नाही. आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही: अभयारण्यात अधिवास नष्ट करण्याला मनाई करणारं कलम २९ संवर्धन राखीवाला लागूच केलेलं नाही. कलम ३० (आग), ३२ (विषारी, स्फोटक पदार्थ), २७ ची काही पोटकलमं आणि ३३ ची दोन, इतकंच लागू आहे. तिथल्या जमिनीचं खरं कवच राखीव वन हा दर्जा आणि वन संवर्धन कायदा हेच. फलक लागला म्हणजे रस्ता, रोपवे थांबला असं समजू नका. अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेची चर्चा अंजनेरी राखीव झाल्यानंतरचीच आहे.

सामूहिक वनसंपत्तीचा हक्क, वनहक्क कायदा २००६ कलम ३(१)(झ). इथे रानाचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क ठरतो, सल्ला नाही. कलम ५ खाली रानाला बाधा आणणारी कामं रोखण्याचा अधिकारही येतो. तुमच्या तालुक्यात माझा कौल याला आहे.

पायऱ्या: ग्रामसभेतून वनहक्क समिती, १० ते १५ जण, किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक-तृतीयांश महिला. मग नमुना 'क' मध्ये दावा. गावाच्या पारंपरिक हद्दीचा नकाशा चालत जाऊन करायचा, शेजारच्या गावांच्या समित्यांना बरोबर घेऊन. किमान दोन पुरावे: निस्ताराच्या (गावाच्या सरपण, चराईसारख्या जुन्या वापराच्या) नोंदी, चराईच्या वाटा, देवराई, पाणवठे, कंदमुळं काढायच्या जागा, वयस्कर माणसांचे जबाब. नंतर उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय.

दावे कोलमडतात ते हजेरीवर. या कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. १५ ऑगस्टच्या नेहमीच्या सभेला चालते तेवढी गर्दी इथे चालत नाही. मोठ्या महसुली गावात निम्मी हजेरी जमत नसेल तर पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) नियम २०१४ प्रमाणे पाड्याची वेगळी ग्रामसभा आधी मिळवा. दुसरी अडचण शेजारच्या गावाच्या हद्दीची. वाद मिटला नाही की फाइल तिथेच बसते. उपविभागीय समितीने फेटाळलं तर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जा, आणि फेटाळल्याचं कारण लेखीच घ्या.

ब्रासचा हिशेब

@ग्रामसभा आधी, कवच कोणतं हा मुद्दा मान्य. पण एक विरुद्ध दुसरं असं मांडू नका. सामूहिक हक्क वनजमिनीवरच मिळतो, खाजगी उतारावर नाही, आणि प्लॉट तिथेच पडतायत. त्या उतारासाठी बांधकाम नियमावली बघा: १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम आणि डोंगरकापणी करता येत नाही. ५० मीटर आडव्या अंतरात १० मीटर चढ, म्हणजे साधारण ११ अंश. मोबाइलच्या कोनमापकानेही अंदाज येतो. नियोजन प्राधिकरणाला द्यायच्या तक्रारीत समोच्च रेषांचा नकाशा जोडा.

पाड्यावरून

सगळ्यांचे आभार. काल सातबारे काढले. खोदाईच्या दोन गटांपैकी एक गायरान निघाला. दुसरा खाजगी, त्यावर खाजगी वनाची नोंद होती, पण फेरफाराने कमी केलेली दिसते, 'कलम २२-अ' असं लिहिलंय. म्हणजे तो हातचा गेला का?

नमुना एक-अ

लगेच तसं नाही. कलम २२-अ म्हणजे लहान खातेदाराला १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत देणं. चौकशीचा मूळ आदेश मागवा आणि ३० ऑगस्ट १९७५ ला त्या खातेदाराची सगळ्या गावांतली एकूण धारणा किती होती ते ८-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुन्या फेरफारांवरून जुळवा. मर्यादेपेक्षा जास्त भरली तर त्या आदेशाच्या फेरतपासणीची मागणी करा. आदेश खरा निघाला तरी जमिनीवर प्रत्यक्ष रान उभं आहे का हा गोदावर्मनचा प्रश्न उरतोच, म्हणून झाडोऱ्याचे फोटो मशीन पुढे सरकायच्या आत घ्या.

गायरानाच्या गटाची तक्रार मात्र उद्याच द्या. तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि खनिकर्म अधिकारी, तिघांना वेगवेगळी प्रत, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. ईमेलवर विसंबू नका. आवक शिक्क्याची तारीखच पुढे सहा महिन्यांच्या मोजणीत उपयोगी येते.